गाडीवरून उतरल्यावर

मी रेल्वेत ड्रायव्हर होतो. कागदावर त्याला लोको पायलट म्हणतात, पण ग्वाल्हेरमध्ये आमच्या गल्लीत, नात्यात, किराणेवाल्याकडे मी ड्रायव्हरसाहेबच होतो. सुरुवातीला मालगाडी, मग पॅसेंजर आणि शेवटची बरीच वर्षं मेल-एक्सप्रेस. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले ते इकडचेच झाले. वडील सरकारी बस चालवायचे. मी रेल्वेत लागलो तेव्हा त्यांना वाटलं, पोरानं घराण्याचं नाव काढलं.

या नोकरीत दिवस आणि रात्र असं काही नसतं. बोलावणं आलं की निघायचं. घरी असलो की मी एकतर झोपलेला असे, नाहीतर पेटी भरत असे. मुलगी लहानाची मोठी झाली ती मी अशीच येता-जाता पाहिली. बायकोनं कधी भांडण काढलं नाही. पण मी पंचावन्नच्या पुढे गेल्यावर तिनं एक विषय धरला, तो सोडला नाही. "अहो, आता पुरे. स्वतःहून सोडता येते ना नोकरी? मग सोडा. चार वर्षं हातपाय धड आहेत तोवर आपण दोघं जरा हिंडू, फिरू." मुलगी इंदूरला दिलेली. ती फोनवर आईचीच री ओढायची. "बाबा, बस्स ना आता. और कितना चलाओगे?"

मी हसून टाळायचो. बायको का म्हणत होती ते मला कळत होतं. ते नुसतं हिंडण्याफिरण्यासाठी नव्हतं.

आमच्या कामात एक गोष्ट असते, जी भरती होताना कुणी सांगत नाही. गाडीखाली माणसं येतात. कुणी घाईत रूळ ओलांडत असतं, कुणी कानात वायर घालून चाललेलं असतं, आणि कुणी मुद्दाम आलेलं असतं. एवढी मोठी गाडी जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक मारल्यावरही ती जातच राहते. हातात असलेलं सगळं करून झालेलं असतं आणि तेवढा वेळ काचेतून समोर बघत बसायचं. काही ड्रायव्हर डोळे मिटून घेतात. मला ते कधी जमलं नाही. मग गाडी थांबते, खाली उतरायचं, बघायचं, कळवायचं, आणि पुन्हा वर चढून गाडी पुढे न्यायची, कारण मागे हजार माणसं बसलेली असतात आणि त्यांना वेळेवर पोहोचायचं असतं. अशा दिवशी घरी आलो की मी काही सांगत नसे. बायको न विचारता आंघोळीचं पाणी काढायची आणि जेवायला वाढताना समोर बसून राहायची. तिला प्रत्येक वेळी कळलेलं असे.

तरीही नोकरी सोडायची म्हटलं की मला भीती वाटायची. निवृत्त झालेले आमचे जुने लोक मी पाहत होतो. ड्यूटीवर हजेरी लावायच्या खोलीत ते येऊन बसायचे. कुठली गाडी किती उशिरा आहे ते विचारायचे. पहिले काही दिवस सगळे त्यांना चहा पाजायचे, मग कुणी वर मान करून बघायचंही नाही. मला तसं व्हायचं नव्हतं. काय व्हायचं होतं ते मात्र सांगता येत नव्हतं.

शेवटी त्या हिवाळ्यात मी बायकोला म्हटलं, "बरं. संक्रांत झाली की अर्ज देतो." तिनं त्याच दिवशी तिळगुळाचे लाडू करायला घेतले, महिनाभर आधी.

त्याच सुमाराची गोष्ट. सकाळची वेळ होती आणि आमच्याकडे पडतं तसं दाट धुकं पडलं होतं. ग्वाल्हेरच्या अलीकडे सिग्नल लाल होता म्हणून आम्ही बराच वेळ उभे होतो. मग पिवळा मिळाला. गाडी नुकती कुठे सरकायला लागली होती. माझा सहायक तरुण पोरगा, मुरैन्याकडचा. तो एकदम ओरडला, "सर, आदमी है! आदमी!"

धुक्यातून आधी माकडटोपी दिसली, मग तपकिरी स्वेटर, मग हातातली कापडी पिशवी. एक म्हातारा माणूस दोन रुळांच्या मधोमध आमच्याकडे तोंड करून उभा होता. मी ब्रेक मारला, भोंगा धरून ठेवला. तो हलला नाही. गाडीचा वेग काहीच नव्हता, तरी ती सरकतच राहिली. माणूस जवळ आला, आणखी जवळ आला, आणि काचेतून दिसेनासा झाला. इंजिनाच्या नाकाखाली माणूस गेला की वरून दिसत नाही. सहायकानं तोंड फिरवलं. मग गाडी थांबली.

मी खाली उतरलो. इंजिनाला वळसा घालून पुढे गेलो, तर तो माणूस तसाच उभा. हात लांब केला असता तर त्याला इंजिन लागलं असतं.

"बाबूजी, हटिए वहाँ से," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग "आई गं" म्हणाले आणि मटकन खाली खडीवर बसले.

"मराठी आहात?" मी विचारलं. असल्या वेळी हे काय विचारायचं, पण तोंडातून तेच निघालं.

"हो. दाना ओलीत राहतो." ते म्हणाले. "तुम्ही थांबवलीत कशाला?"

"थांबली म्हणून थांबवली," मी म्हणालो. "नाहीतर नसती थांबली." मला एकदम राग आला. "तुमचं एक झालं असतं हो, पण आम्ही दोघं आत बसलोय ना? आम्हाला डोळे आहेत ना?"

त्यांनी वर पाहिलं. काचेमागे सहायकाचा पांढराफटक चेहरा दिसत होता. "त्या मुलाचा विचार नाही आला," ते हळूच म्हणाले.

मागून गार्ड आला. आम्ही त्यांना हाताला धरून डब्यात चढवलं, आणि ग्वाल्हेरला उतरवलं. फोन केल्यावर त्यांचा मुलगा धावत आला. चांगला माणूस होता, नाईटड्रेसवरच जॅकेट घालून आला होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले. "अंकल, पापा कोहरे में रास्ता भटक गए. सब्जी लेने निकले थे." त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. वाट चुकले, असंच सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं.

मला मात्र त्यांच्या चेहऱ्यानं काही दिवस सोडलं नाही. एवढ्या वर्षांत गाडीसमोर आलेला हा एकच माणूस माझ्याशी बोलला होता. मी पत्ता काढून लश्कर या जुन्या भागातल्या दाना ओलीत त्यांच्या घरी गेलो. तिथल्या गल्ल्या अशा की समोरून स्कूटर आली की आपण कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर चढायचं. वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. मला बघून ते उठून उभे राहिले. सून चहा ठेवून गेली. तिनं दार उघडंच ठेवलं, आणि येता-जाता ती आत डोकावून बघत होती.

ते इस्पितळात एक्स-रे काढायचे. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. बायको फार पूर्वी गेलेली, मुलगा त्यांनी एकट्यानं वाढवलेला. मुलगा-सून नीट वागत होते, खायला-प्यायला कमी नव्हतं, तब्येत ठणठणीत. मुलानं आता डॉक्टर गाठून गोळ्याही सुरू केल्या होत्या. आमच्या वयात फार अंतर नव्हतं, पण मी त्यांना भाऊसाहेब म्हणू लागलो.

"भाऊसाहेब, मी पण सोडतोय नोकरी," मी म्हणालो. "संक्रांत झाली की."

त्यांनी कप खाली ठेवला. "का? काढतायत का तुम्हाला?"

"नाही. बायको म्हणते पुरे झालं."

"सोडू नका," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसापर्यंत करा. धरून ठेवा. मला विचाराल तर पहिला महिना मजेत गेला. उशिरा उठलो, पेपर पूर्ण वाचला. मग एक दिवस कळलं की मला कुठे जायचंच नाही. सगळी नोकरी मी लोकांना म्हणत आलो, श्वास रोखा. की रोखायचे. मोठमोठे अधिकारी रोखायचे. सोडा म्हटलं की सोडायचे. आता घरात मी म्हटलं की पंखा बंद करा, तर कुणी ऐकत नाही. ऐकू येतच नाही त्यांना. वाईट नाहीत हो ते. पण मी बोललो की नाही हे माझं मलाच कळेनासं झालं."

मी चहा संपवला.

"तुम्ही गाडी चालवता," ते म्हणाले. "भोंगा दिला की रस्ता मोकळा होतो. ते सोडून घरात पंख्याखाली बसायचं? सोडू नका."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की अर्ज इतक्यात देत नाही, साठ पूर्ण करूनच उतरेन. तिनं कारण विचारलं. मी भाऊसाहेबांचं सगळं सांगितलं. रुळावर उभे होते तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते एकटे आहेत. तुम्ही एकटे आहात का?" मी उठून पेटी भरायला लागलो. संक्रांत आली आणि गेली.

मे महिना. डबरा स्टेशनच्या अलीकडे दोन्ही बाजूंना मोकळी शेतं आणि मध्ये सरळ रूळ. भर दुपार, उन्हानं रूळ पाण्यासारखे हलताना दिसत होते. गाडी पूर्ण वेगात होती. लांबून एक बाई दिसली. लाल लुगडं, डोक्यावर गवताचा भारा. मी भोंगा दिला. तिनं ऐकला, पाऊल उचललं आणि रूळ ओलांडून पार पलीकडे गेली. मी भोंगा सोडला. सहायकानं सुस्कारा टाकला. तेवढ्यात तिनं मागे वळून पाहिलं. तिची एक शेळी अलीकडेच राहिली होती. आणि ती बाई परत फिरली.

मी ब्रेक मारला. भोंग्यावरचा हात काढलाच नाही. तिनं शेळीच्या गळ्यातली दोरी धरली आणि ओढली. शेळी मागे रेटत होती. बाईनं एकदा आमच्याकडे पाहिलं. ती चेहऱ्यावरून घाबरलेली वाटत नव्हती, वैतागलेली वाटत होती, शेळीवर. सोडून दे, असं मी ओरडलो. आतल्या आत ओरडून उपयोग काय.

गाडी खूप पुढे जाऊन थांबली. सहायक डोकं खाली घालून रडत होता. मी उतरून मागे चालत गेलो. शेळी जिवंत होती. रुळाच्या कडेला विखुरलेलं गवत ती खात होती.

शेतातून माणसं धावत आली. एक माणूस, बहुधा तिचा नवरा, माझ्यासमोर उभा राहिला. तो मारेल असं मला वाटलं, मारावं असंही वाटलं. तो फक्त म्हणाला, "भैया, रोक नहीं सकते थे?"

"नहीं," मी म्हणालो. एवढा एकच शब्द. मग मी इंजिनावर चढलो आणि गाडी ग्वाल्हेरला आणली. कुठे लाल, कुठे पिवळा, सगळे सिग्नल बरोबर पाळले. गाडी फलाटाला लावली आणि उठायला गेलो, तर उठता येईना. सहायकानं आणि फलाटावरच्या एका खलाशी कामगारानं मला धरून खाली उतरवलं.

त्यानंतर मी इंजिनावर चढलो नाही. अर्ज दिला, रजा घेतली, आणि मंजुरी येईपर्यंत घरी बसलो. निरोपाचा समारंभ करू नका म्हणून सांगितलं. तरी सहायक हार घेऊन घरी आला. तो खुर्चीवर कडेला बसला, हार टेबलावर ठेवला, आणि आम्ही दोघं चहा पिऊन मोकळे झालो. ज्या दिवसाचे आमच्या घरात एवढे बेत झाले होते, तो दिवस असा आला.

लोक म्हणायचे, आता आराम करा, मजा करा. बायकोनंही खूप प्रयत्न केले. मला काय आवडतं ते तिला नीट माहीत नव्हतं, कारण मी घरी कधी नसायचोच. मलाही नीट माहीत नव्हतं. ती एक दिवस शिरा करायची, एक दिवस कढी. मी खायचो आणि कॉटवर जाऊन पडायचो. दिवसा झोप येत नसे आणि जाग आहे असंही वाटत नसे. ती शेजारच्या खोलीत फोनवर मुलीशी हळू आवाजात बोलायची आणि मी आलो की विषय बदलायची.

एकदा तिनं हट्टानं मला नई सडकेवर नेलं. तिला चादरी घ्यायच्या होत्या. बाजारात गर्दी होती, ई-रिक्षा, हातगाड्या. आमच्या पुढे एक तरुण मुलगी रस्ता ओलांडून गेली. पलीकडे पोहोचल्यावर तिच्या लक्षात आलं की चप्पल मध्येच निसटून राहिली आहे. ती परत फिरली. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी "छोड दे, छोड दे" असं ओरडत होतो. ओरडत मी रस्त्याच्या मध्ये गेलो आणि त्या मुलीचा दंड धरून तिला ओढलं. ती किंचाळली. लोक जमले. एकानं माझी कॉलर धरली. "शरम नहीं आती, इस उमर में?" बायको हात जोडून सगळ्यांना सांगत होती, "बीमार हैं, भैया, बीमार हैं." चादरी न घेताच आम्ही रिक्षात बसलो. रिक्षात ती माझ्याकडे बघत नव्हती. पदर तोंडाला लावून रस्त्याकडे बघत होती.

त्या दिवसापासून मी घराबाहेर पडणं बंद केलं. मुलीनं इंदूरहून फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली, मी गेलो नाही. पावसाळा असाच गेला. दिवाळीला मुलगी आली, चार दिवस राहिली, आणि जाताना दारात आईच्या गळ्यात पडून रडली. मी आत बसून ते ऐकत होतो.

दिवाळीनंतर एका सकाळी भाऊसाहेब दारात उभे. माझ्या बायकोनंच त्यांना निरोप धाडला होता, हे मला मागाहून कळलं. त्यांनी तीच माकडटोपी घातली होती.

"तुम्हाला न्यायला आलोय," ते म्हणाले.

"कुठे?"

"कुठे नाही. दाल बाजारापर्यंत. चालत."

"मी बाहेर जात नाही."

ते माझ्यासमोर बसले. बायको आत गेली. "मी ऐकलंय सगळं," ते म्हणाले. "मी म्हटलं म्हणून तुम्ही थांबलात. नाहीतर मे महिन्यात तुम्ही घरी असतात."

त्यांना वाटलं असेल की मी नाही म्हणेन. माणूस अशा वेळी नाही म्हणतो. मी म्हणालो, "हो."

त्यांनी मान डोलावली. डोळ्यात पाणी आलं ते पुसलं नाही. "तुम्ही नसतात तर दुसरं कुणी असतं त्या गाडीवर," ते म्हणाले. "बाई वाचली नसती. पण तुम्ही वाचला असतात. तेवढं देणं माझ्याकडे लागतं." मग उठले. "चला. वहाणा घाला."

मी का उठलो ते सांगता येणार नाही. बहुतेक त्यांच्यावर राग होता म्हणूनच उठलो. आम्ही चालत दाल बाजारात गेलो. मी भिंतीच्या कडेनं चालत होतो आणि ते रस्त्याच्या बाजूनं. पोत्यांच्या थप्प्या उतरत होत्या, सगळीकडे मिरचीचा आणि हळदीचा वास. कुणी मागे वळलं की माझा उजवा हात आपोआप आवळला जायचा. ते बघायचे आणि चालत राहायचे. एका दुकानाबाहेर आम्ही उभ्यानं बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, खाल्ली, तिखटजाळ रश्श्याबरोबर. मला ठसका लागला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "श्वास रोखू नका." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. मीही किती तरी महिन्यांनी हसलो.

मग ते येतच राहिले. थंडी असो, ऊन असो. त्यांनीच मला डॉक्टरांकडे नेलं, त्यांच्याच डॉक्टरांकडे. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसायचो, नंबर लागेपर्यंत. गोळ्यांनी झोप यायला लागली. कधी आम्ही फूलबागेत जाऊन बसायचो. ते दिसेल त्या माणसाच्या चालीवरून त्याचं कुठलं हाड कधी मोडलं असेल ते सांगायचे. खरं की खोटं, कोण विचारायला जातंय. मी त्यांना गाड्यांचं सांगायचो. पावसात इंजिनातून शेतं कशी दिसतात, पहाटे मोर रुळांवर कसे येतात. हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. एकदा बायकोही आमच्याबरोबर आली आणि ऐकत बसली. घरी आल्यावर म्हणाली, "मोर येतात हे मला माहीतच नव्हतं."

एकदा मी त्यांना सरळ विचारलं. "भाऊसाहेब, त्या दिवशी का गेला होतात?"

"सब्जी आणायला निघालो होतो हे खरं आहे," ते म्हणाले. "सुनेनं मेथी सांगितली होती. मग पाय तिकडे वळले. कारण असं काही नाही हो. कारण असतं तर बरं झालं असतं, दूर करता आलं असतं."

"आता पुन्हा..."

"वचन मागू नका," ते म्हणाले. "पण सकाळी तुमच्याकडे यायचं असतं. त्यामुळे उठतो."

पुढचा हिवाळा लागता लागता त्यांना खोकला सुरू झाला. सगळ्यांनाच होतो, धूळ आणि धुकं. मग दम लागायला लागला. आमच्या जिन्याच्या मध्यावर ते थांबायचे. मी म्हटलं, आता मी येतो तुमच्याकडे. तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना तपासायला नेलं, मीही बरोबर गेलो. एक्स-रे काढला. मुलानं मोठं पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं. "पापा, आप देखिए ना." त्यांनी पाकीट उघडलं नाही. ते तसंच माझ्याकडे दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही.

फुफ्फुसात कॅन्सर पसरलेला होता. फार दिवस मिळाले नाहीत. मी रोज दाना ओलीत जायचो, त्यांच्या कॉटजवळ बसायचो. नाकाला नळी लावलेली. सून उशी सारखी करायची, नातीला शाळेतून आणल्यावर आधी त्यांना दाखवायची. पंखा बंद करायला त्यांनी नुसता हात हलवला तरी घरातली सगळी माणसं धावायची.

एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"ड्रायव्हरसाहेब, आता नको होतं हो," ते म्हणाले. "आत्ता कुठे जरा बरं चाललं होतं."

मी त्यांचा हात धरला. त्या धुक्यात जो माणूस मला विचारत होता की गाडी थांबवलीत कशाला, तो आता आणखी थोडे दिवस मागत होता, आणि ते माझ्या हातात नव्हतं.

ते त्याच आठवड्यात गेले. त्यांच्या मुलानं तिरडीला खांदा द्यायला मला पुढे बोलावलं. लश्करच्या रस्त्यानं जाताना लोक बाजूला होत होते.

नंतरचे काही महिने वाईट गेले. पण मी पुन्हा घरात कोंडून घेतलं नाही. सकाळी उठून बाहेर पडायचो, कधी एकटा, कधी बायकोबरोबर. आता तिचे गुडघे धरले आहेत. कोपऱ्यापर्यंत जाऊन ती कुणाच्या तरी ओट्यावर बसते आणि म्हणते, "तुम्ही या फिरून." ज्या चार वर्षांबद्दल ती बोलायची, ती आमच्या वाट्याला आली, पण अशी. तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर कदाचित हलकं वाटलं असतं.

यंदा मुलीनं फार आग्रह केला म्हणून आम्ही इंदूरला निघालो. नोकरी सोडल्यानंतर मी पहिल्यांदाच गाडीत बसत होतो. बायको खिडकीशी बसली. मी आतल्या बाजूला. तिनं संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाशी ती लगेच बोलायला लागली, मुलगी कुठे असते, नातू कितवीत आहे.

मध्येच कुठेतरी गाडीला ब्रेक लागला. एकदम, जोरात. वरच्या बर्थवरून कुणाची तरी बाटली खाली पडली. समोरचा माणूस म्हणाला, "क्या हुआ? स्टेशन तो है नहीं." लोक दाराकडे जायला लागले. हा कुठला ब्रेक आहे ते मला कळत होतं. बायकोनं बोलणं थांबवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. ती खिडकीबाहेर बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

गाडी बराच वेळ उभी होती. बाहेर गव्हाची शेतं होती, आणि लांब एक ट्रॅक्टर. मग ती हळूच हलली आणि पुढे निघाली. दारात गेलेले लोक परत आले. काय झालं होतं ते त्यांना कळलं असावं, नसावं. मी कुणाला विचारलं नाही. बायकोनं माझं मनगट इंदूर येईपर्यंत सोडलं नाही.